राजा मागणारे लोक

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ८ व १२, अनुवाद १७ : १४–२०



रामा नगरांत एके दिवशीं इस्राएलाचे वडील जमून शमुवेलाकडे आले. त्यांची मागणी एकच होती : इतर राष्ट्रांना राजा आहे, तसा आम्हांलाही असावा. या अध्यायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले असतील, आणि बहुतेकांत त्या वडिलांनाच दोष दिलेला असतो. त्यांनीं देवाला टाकिलें, शेजारच्या राष्ट्रांचें अनुकरण केलें, जगाच्या झगमगाटास ते भुलले. हें सर्व खरें आहे. परंतु अध्यायाचा आरंभ तेथें होत नाहीं. आरंभींचीं तीन वचनें आम्ही उपदेशक लोक घाईनें वाचून पुढें जातों, आणि त्याचें कारण उघड आहे : तीं वचनें आमच्याच घरासंबंधानें आहेत.

शमुवेल म्हातारा झाला होता. त्यानें आपले पुत्र योएल व अबीया यांस न्यायाधीश नेमिलें, आणि ते बैर-शेबा येथें कारभार पाहूं लागले. परंतु बापाची चाल त्यांनीं धरली नाहीं. पैशाचा लोभ, लांच, आणि लांचेप्रमाणें फिरणारा न्याय, असा त्यांचा कारभार चालला. तेव्हां ते वडील रामास आले ते उगाच आले नाहींत. बैर-शेबाच्या वेशींत ज्या गरिबाचा खटला पैशाअभावीं बुडाला, त्याचें गाऱ्हाणें त्यांच्या पदरीं बांधलेलें होतें.

आतां एक गोष्ट ध्यानांत आणा. हाच शमुवेल बाळपणीं शिलो येथें एली याजकाच्या घरीं वाढला. एलीचे पुत्र यज्ञाच्या मांसांतून हवें तें बळजबरीनें काढून घेत, आणि बाप त्यांस आवरीत नसे. त्या घरावर येणाऱ्या शिक्षेचा संदेश देवानें रात्रीच्या वेळीं ज्या बालकास सांगितला, आणि सकाळीं ज्यानें तो भीत भीत एलीच्या कानीं घातला, तो शमुवेलच. दुसऱ्याच्या घरचा हा रोग ज्यानें इतक्या जवळून पाहिला, त्याच्याच घरांत म्हातारपणीं तोच रोग शिरला. त्यानें पुत्रांस पदावरून दूर केल्याचें या अध्यायांत कोठें लिहिलेलें नाहीं.

मनुष्यस्वभावाचें पहिलें दर्शन येथें घडतें, आणि तें देवाच्या माणसाच्या दारांत घडतें. परक्याचें पाप दिसावें आणि आपल्या आंगणांतलें दिसूं नये, हा आपला आदामापासूनचा वारसा आहे. जो उपदेशक कचेरींतल्या लांचेवर व्यासपीठावरून गर्जतो, त्याला आपल्या भाच्यासाठीं बोर्डिंगांत जागा कशी मिळविली हें त्या वेळीं आठवत नाहीं.

वडिलांचें गाऱ्हाणें खरें होतें. उपाय मात्र चुकला. दोन लहान लांचखोरांच्या हातून सुटण्याकरितां त्यांनीं एक मोठा मालक मागितला. ज्या मातीचे योएल व अबीया घडले त्याच मातीचा राजाही घडणार, आणि त्याच्या हातांत तर तरवार असणार, हा विचार त्यांच्या मनांत आला नाहीं. शमुवेलानें त्यांना राजाची रीत सांगितली, तिच्यांत एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येतें : घेईल. मुलगे घेईल ते रथापुढें धांवण्यास, मुली घेईल त्या मुदपाकखान्यांत राबण्यास. उत्तम शेतें आपल्या मर्जींतल्या चाकरांस वांटण्यासाठीं घेईल. धान्यांतून व कळपांतून दहावा हिस्सा घेईल. शमुवेल येथें एखाद्या क्रूर राजाचें चित्र काढीत नव्हता. साधारण, नेहमींचा, लोकांनीं आनंदानें निवडलेला राजा असाच असतो, असें तो सांगत होता. आणि लोकांनीं तें ऐकून घेतलें व पुन्हा राजाच मागितला.

यावर देवानें काय केलें? लोकांनीं शमुवेलाला नव्हे तर मलाच झिडकारिलें, असें तो म्हणाला, आणि तरी त्यांचें मागणें मान्य करण्यास त्यानें सांगितलें. मला हा भाग फार नवलाचा वाटतो. देवानें मनुष्यास दिलेलें स्वातंत्र्य इतकें खरें आहे कीं, तें चुकीच्या मार्गानें जात असतांही त्यानें हिसकावून घेतलें नाहीं. त्यानें बजावलें, आणि मग वाट मोकळी ठेविली. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतला बापही असाच नव्हे काय? त्यानें वांटणी करून दिली. मुलाला दाव्यानें बांधून ठेविलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग सरकार नसलेलेंच बरें. मनुष्य पापांत पडला नसता तर तलाठ्याचें दप्तर, फौजदार व न्यायाधीश यांची गरज पडली नसती, हें मी कबूल करतों. परंतु आपण एदेन बागेंत राहत नाहीं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात. हातभर बांधासाठीं दोन सख्ख्या भावांचा खटला तालुक्याच्या कोर्टांत वर्षानुवर्षें चालतो, आणि ते दोघे एकाच सतरंजीवर बसून प्रभुभोजन घेतात, हें कोणत्या पाळकाला ठाऊक नाहीं? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत पौलानें अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हटलें आहे. ज्या बादशाहीच्या राजधानीस तो हें लिहीत होता ती ख्रिस्ती नव्हती. तरी चोरास धाक व निरपराध्यास आधार देण्याचें काम तिच्या हातूनही होऊं शकतें, असें तो मानीत होता. पण सेवक हा शब्द दुधारी आहे. अधिकारी देवाचा सेवक आहे म्हणून त्याचा मान राखावा. आणि तो सेवकच आहे, धनी नव्हे, म्हणून धन्याच्या आज्ञेविरुद्ध त्यानें कांहीं फर्माविलें तर पेत्रानें यरुशलेमेच्या न्यायसभेपुढें जो बाणा दाखविला तोच आपणही दाखवावा.

शास्त्र मनुष्यासंबंधानें दोन गोष्टी एकदम सांगतें : तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि तो पतित आहे. यांपैकीं एकच धरून बसणाऱ्यांचा घोटाळा होतो. मनुष्य मुळांत चांगलाच आहे असें मानणारा, एका भल्या माणसाच्या हातीं सगळी सत्ता देऊन निश्चिंत झोपीं जातो. मनुष्य मुळांत वाईटच आहे असें मानणारा, लोकांच्या पाठीवर चाबूक असावा म्हणतो. पण चाबूक धरणारा हातही मनुष्याचाच आहे, हें तो विसरतो. प्रतिरूप आहे म्हणून मनुष्य स्वातंत्र्यास पात्र आहे, मग तो कोणत्याही जातींत जन्मलेला असो. पतित आहे म्हणून राजा व रयत या दोघांनाही वेसण हवी.

मोशेच्या नियमशास्त्रांत राजाला बंदी नाहीं. त्याला वेसण आहे. त्यानें फार घोडे बाळगूं नयेत, फार स्त्रिया करूं नयेत, सोनेंरुपें सांठवूं नये. शिवाय गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची एक नक्कल जवळ ठेवून ती आयुष्यभर वाचावी. कां, तर आपण आपल्या बांधवांहून उंच आहों असें त्याच्या मनानें घेऊं नये. राजाला प्रजा असते हें सर्व राष्ट्रें जाणतात. राजाला बांधव असतात, हें इस्राएलास शिकविलें गेलें. शलमोनानें हीं तिन्ही कुंपणें मोडलीं. मिसरांतून घोडे आणविले, शेंकडों स्त्रिया केल्या, आणि रुप्याला यरुशलेमेंत धोंड्याची किंमत आली. ज्याला देवानें सर्वांत अधिक शहाणपण दिलें तोच हा. त्याचा पुत्र रहबाम याजकडे लोकांनीं ओझें हलकें करा म्हणून विनविलें, तेव्हां त्यानें उर्मट उत्तर दिलें, आणि राज्याचे दोन तुकडे झाले. शहाणपण कितीही असलें तरी तें वेसणीच्या जागीं चालत नाहीं.

ही वेसण पुढें एका मोठ्या राष्ट्राच्या घटनेंत कशी आली, तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील कॉलेजचे मुख्य जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडांतून आलेले प्रेस्बिटेरियन पाळक होते. त्यांच्या हाताखालीं जेम्स मॅडिसन नांवाचा तरुण शिकला; १७७१ सालीं पदवी मिळाल्यावरही तो कांहीं काळ राहून हिब्रू भाषेचा अभ्यास करीत होता. मनुष्याचें हृदय कपटी आहे ही शिकवण त्या कॉलेजच्या हवेंतच होती. पुढें १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली तींत मॅडिसनचा हात मोठा होता. माणसें देवदूत नाहींत, आणि त्यांवर राज्य करणारेही देवदूत नाहींत, हें धरून त्या लोकांनीं सत्तेचे तीन भाग केले. कायदे करणारे एक, अंमल करणारे दुसरे, न्याय करणारे तिसरे; आणि प्रत्येकाच्या हातीं दुसऱ्यास अडविण्याचा कांहींतरी उपाय. एकाचा लोभ दुसऱ्याच्या लोभाला आड यावा, अशी ती योजना.

योजना शहाणपणाची होती. पण तिच्याच पोटांत काय होतें तेंही पाहा. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांची गणती तीन माणसांइतकी धरावी असें त्याच घटनेंत ठरलें, आणि १८०८ सालापर्यंत गुलामांच्या आयातीस बंदी करतां येऊं नये, असेंही ठरलें. मॅडिसनच्या मळ्यावर मरेपर्यंत गुलाम होते. त्याचे गुरु विदरस्पून यांच्याकडेही होते. राजाच्या स्वभावावर इतका बारीक पहारा बसविणाऱ्यांना आपल्या ओसरीवरचें पाप दिसलें, कांहींना तें बोंचलेंही, पण त्यांनीं तें सोडलें नाहीं. १८६१ पासून चार वर्षें भाऊ भावाशीं लढला, आणि १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली. शमुवेलाच्या घरची गोष्ट ती हीच.

आपल्या देशाच्या घटनेसंबंधानें बोलतांना २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटनासमितींत जो इशारा दिला, तो ख्रिस्ती माणसानें तर मनावर कोरून ठेवावा असा आहे. घटना कितीही चांगली असली तरी ती चालविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, असें त्यांनीं सांगितलें. धर्मांतली भक्ति आत्म्यास तारील, पण राजकारणांतली भक्ति, म्हणजे थोर पुरुषाच्या पायीं आपलें स्वातंत्र्य वाहणें, ही अधःपाताची व शेवटीं हुकूमशाहीची वाट होय, असाही त्यांचा भावार्थ होता. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण १ शमुवेल अध्याय ८ याचें इतकें नेमकें विवरण आमच्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकूं येतें. भक्ति देवाला द्यावी. पुढाऱ्याला आदर द्यावा, कर द्यावा, आणि त्याच्याकडून हिशेब घ्यावा.

आतां वेसणीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. नाबोथाच्या मळ्याची गोष्ट सर्वांस माहीत आहे, तरी तिच्यांतील एका बारीक बाबीकडे आपण सहसा पाहत नाहीं. नाबोथानें वडिलोपार्जित वतन देण्याचें नाकारलें, तेव्हां राजा अहाब घरीं जाऊन तोंड फिरवून निजला आणि जेवेना. म्हणजे राजालाही शेतकऱ्याचा मळा सरळ हिसकावतां येत नव्हता, इतका नियमशास्त्राचा दरारा अजून उरला होता. मग ईजबेलीनें कायदा बाजूस सारला काय? नाहीं, तिनें कायदाच हत्यार म्हणून वापरला. राजाच्या मुद्रेचीं पत्रें गेलीं, उपास पुकारला गेला, सभा भरली, शास्त्राप्रमाणें बरोबर दोन साक्षीदार उभे राहिले, आणि नाबोथ दगडमार होऊन मेला. कागदोपत्रीं सर्व यथास्थित. ज्यांना तीं पत्रें गेलीं ते वडील नाबोथाच्याच गांवचे होते. त्याला ओळखत होते. त्यांच्यांतून एकही माणूस, हें खोटें आहे, असें बोलला नाहीं.

आपल्या देशांत २५ जून १९७५ रोजीं आणीबाणी पुकारली गेली आणि ती मार्च १९७७ पर्यंत राहिली. हजारों माणसें खटल्याशिवाय तुरुंगांत गेलीं, वर्तमानपत्रांवर पहारा बसला. अशा बंदिवानाला आपली अटक बेकायदेशीर आहे असें न्यायालयापुढें म्हणतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. पांच न्यायाधीश बसले होते. चौघांनीं सरकारच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति हंसराज खन्ना या एकानेंच विरुद्ध मत लिहिलें. पुढच्या वर्षीं सरन्यायाधीशाचें पद त्यांच्याकडे यावयाचें तें त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशास मिळालें, आणि त्यांनीं राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता, असें त्याच न्यायालयानें २०१७ सालीं स्पष्ट केलें. मध्यें एकेचाळीस वर्षें गेलीं. नाबोथाच्या गांवांत असा एक माणूस निघाला असता तर नाबोथ वांचला असता कीं नाहीं, हें मला सांगतां येत नाहीं. कदाचित् दोघेही मेले असते. पण पत्र वाचून मुकाट्यानें उपास पुकारणाऱ्या त्या वडिलांत आपण आहों कीं काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण मीही पुष्कळ सभांतून गप्प बसलेलों आहें.

आणि रयतेचें काय? सगळा दोष दिल्ली-मुंबईवर टाकून आपण घरीं जाऊं नये. १९९२ सालच्या घटनादुरुस्तीनें, जी १९९३ च्या एप्रिलांत अमलांत आली, ग्रामसभेस घटनेंत स्थान मिळालें. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें साध्या शेतमजुरालाही कागद मागण्याचा हक्क दिला. दहा रुपयांचा अर्ज केला कीं साधारणपणें तीस दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे. ज्यांच्या आजोबांना चावडीच्या पायरीवर चढूं दिलें जात नव्हतें, त्यांना आज चावडीचा हिशेब विचारतां येतो. असें असून आमचे लोक ग्रामसभेला जात नाहींत, आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीं मात्र दार उघडें ठेवितात. एसावानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क मसुरीच्या वरणासाठीं विकला, तो निदान दिवसभर रानांत हिंडून भुकेला होता. आम्ही जेवून बसल्यावर विकतों. पौल गलतीकरांस सांगतो कीं, स्वातंत्र्य हें देहवासनेला मोकळें रान मिळावें म्हणून नव्हे, एकमेकांची चाकरी करण्यासाठीं आहे. मताची नोट ज्या घरीं येते, त्या घरच्या माणसाला पुढें पांच वर्षें सरपंचाला जाब विचारतांना जीभ उचलत नाहीं, हा माझ्या मंडळींतला अनुभव आहे.

आतां माझें स्वतःचें सांगतों. माझ्या पहिल्या मंडळींत हंगामाच्या सणाला लोक बाजरीच्या पाट्या, भोपळे, अंडीं, कोंबड्या आणीत. त्यांचा लिलाव होई आणि रक्कम माझ्या टेबलाच्या खणांत जाई. पंच होते, पण पाळकसाहेबांकडे आहे म्हणजे देवाकडे आहे, असें ते म्हणत. मला तें ऐकून बरें वाटे. तिसऱ्या वर्षीं सभेंत एका म्हाताऱ्या बाबांनीं हात जोडून विचारलें, "पाळकसाहेब, राग मानूं नका, पण पैशाचा मेळ एकदां वाचून दाखवाल का?" मला राग आलाच. मीं म्हटलें, "बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाहीं काय?" ते म्हणाले, "हाय म्हणूनच इचारतो, साहेब. ज्याच्यावर इस्वास नाय त्याला कोन इचारतं?"

त्या रात्रीं खण उघडून मोजलें. वहीप्रमाणें ६४० रुपये कमी भरले. बाहेरून कोणी चोर आला नव्हता. मुलीच्या तापांत औषधाला, एकदां पाहुणे आले तेव्हां, एकदां मोटारीच्या भाड्याला, असे मींच ते घेतले होते. दर वेळीं पगार झाला कीं ठेवीन असें मनांत म्हटलें होतें आणि दर वेळीं विसरलों होतों. शमुवेलानें राजाविषयीं सांगितलेला तो "घेईल" शब्द मला माझ्याच खणांत सांपडला. पुढच्या रविवारीं मीं तें मंडळीपुढें सांगितलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. बाबांनीं भजन सुरू केलें. पैसे मीं चार महिन्यांत भरले.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायांत पौल गरिबांसाठीं जमविलेल्या वर्गणीविषयीं लिहितो. ती एकट्यानें नेली असती तर कोणी हात धरला नसता. तो प्रेषित होता. तरी तीताबरोबर दुसरे बंधु त्यानें पाठविले, कारण देवापुढेंच नव्हे तर माणसांपुढेंही चोख असावें अशी त्याची खटपट होती. शमुवेलानेंही बाराव्या अध्यायांत सर्व लोकांपुढें उभें राहून, मीं कोणाचा बैल घेतला, कोणाला लुबाडलें, हें सांगा, असें विचारलें, आणि कोणाचेंही बोट वर झालें नाहीं. तें वाचतांना ऊर भरून येतो. मात्र पुत्रांचा उल्लेख तो त्या भाषणांत एकाच लहान वाक्यांत उरकून पुढें जातो, हेंही आतां माझ्या नजरेंतून सुटत नाहीं.

सध्यांच्या मंडळींत पेटीला दोन कुलुपें आहेत. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी ओढ्यापलीकडे राहणाऱ्या एका विधवा मावशींकडे. माझ्याकडे एकही नाहीं. गेल्या पावसाळ्यांत ओढ्याला पूर आला व दोन दिवस पेटी उघडतां आली नाहीं. त्याच रात्रीं एका बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावें लागलें. जीपचे पैसे घरोघर फिरून जमविले. दुसऱ्या दिवशीं एक पंच म्हणाले, "साहेब, ही दोन किल्ल्यांची रीत अडचणीची आहे. दोन्ही तुमच्याकडेच ठेवा." क्षणभर मला तें पटलें देखील. पाणी ओसरल्यावर मावशी चिखल तुडवीत आल्या. किल्ली कमरेच्या पिशवींत होती. खजिनदारांसमोर त्यांनीं पेटी उघडली, ज्यानें त्यानें दिलेले पैसे ज्याचे त्याला परत केले, वहींत आंकडा मांडविला, आणि उरलेली रक्कम माझ्यापुढें सरकवून म्हणाल्या, "मोजून घ्या, साहेब."

मीं मोजून घेतली.